घरी मराठी नीट दिसतं, हॉलमध्ये स्लाईडवर भलतंच काहीतरी!

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरी पॉवरपॉइंटमध्ये स्लाईड्स बनवते तेव्हा सगळं छान दिसतं, पण पेनड्राईव्हवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तीच फाईल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं येतात. आणि माझाच लॅपटॉप जोडला तर प्रोजेक्टरवर नुसता वॉलपेपर दिसतो. काय करू? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर: ताई, वॉलपेपरचं आधी सांगतो कारण ते चुटकीसरशी होतं. लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर आहे, म्हणजे विंडोज प्रोजेक्टरला वेगळी दुसरी स्क्रीन समजतंय. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा, झालं. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका, पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी स्लाईड १६:९ ची (रुंदी १६ तर उंची ९) असते आणि जुने प्रोजेक्टर बरेचसे ४:३ चे, डिझाईनमध्ये जाऊन स्लाईड साईज बदलता येते.

आता मराठीचं, खरं दुखणं हेच आहे. तुम्ही बहुतेक कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करताय. अशा फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं हो, साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं आणि फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो, मग हॉलमधल्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. खात्री करायची तर घरीच एक ओळ सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करून बघा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे फाईलमध्ये खरं मराठी अक्षरच साठवलंय; बिघडली तर जुन्या फॉन्टमध्ये.

फाईलमध्ये फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाईलसोबतच भरून न्यायची सोय आहे पण सगळे फॉन्ट ते करू देत नाहीत, त्यामुळे मी त्यावर विसंबून राहणार नाही. सरळ युनिकोडवर या. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा युनिकोड मराठी दाखवणारा फॉन्ट आतच येतो, आणि विंडोज १० ला २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डपण आहे (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं), त्यामुळे इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची वेगळी मांडणी शिकायलाच हवी असं नाही. जुन्या स्लाईड्स कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) काढल्या तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासा, आणि तुमचा विषय विज्ञान म्हणून मुद्दाम सांगतो, इंग्रजीतली सूत्रं त्यात टाकू नका, कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून पार वाट लावतो.

परवाच तास असेल आणि एवढा वेळ नसेल तर घरच्याच लॅपटॉपवर फाईल पीडीएफ करून न्या, अक्षरं हलणार नाहीत. ॲनिमेशन आणि व्हिडिओ मात्र त्यात चालत नाहीत, तेव्हा व्हिडिओ वेगळा पेनड्राईव्हवर घ्या.