दुय्यम की द्वितीयक?

घोडबंदर रोडवरून एका ताईंनी विचारलंय: "लेकीला अकरावीचा प्रथिनांचा धडा मराठीत समजावताना मी सेकंडरी स्ट्रक्चरला 'दुय्यम संरचना' म्हटलं. सासऱ्यांनी लगेच अडवलं, 'द्वितीयक' म्हण. एवढा काय फरक पडतो?"

माझा कौल सासऱ्यांना. 'दुय्यम' हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ नुसता 'दुसरा'. पण मराठीत तो अव्वलच्या हाताखालीच बसला. दुय्यम निबंधक, दुय्यम भूमिका, दुय्यम वागणूक... सगळीकडे कमीपणा. (शाळेच्या बाबतीत आपण सेकंडरीचं 'माध्यमिक' केलं, ते आणखी तिसरंच.) प्रथिनाच्या दुसऱ्या पातळीत असं उणं काही नाही. अमिनो आम्लांचा साखळीतला क्रम ही पहिली पातळी. साखळीच्या कण्यात हायड्रोजन बंध जुळून मळसूत्रासारखे पीळ पडतात किंवा पट्ट्यांच्या घड्या होतात, ती दुसरी. हे सगळं दुमडून त्याला ठरावीक आकार आला की तृतीयक.

'द्वितीयक' अवघड वाटत असेल, तर लेकीचं भूगोलाचं जुनं पुस्तक काढा. शेती-मासेमारी प्राथमिक व्यवसाय, वागळे इस्टेटमधले कारखाने द्वितीयक. कारखानदाराला 'तुमचा व्यवसाय दुय्यम' म्हणून बघा!

मला खरी धास्ती 'प्राथमिक'ची वाटते. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार यांमुळे तो शब्द बाळबोध किंवा तात्पुरता वाटतो. इथे मात्र प्राथमिक म्हणजे मुळातली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढ्यावरून सिकलसेलचा आजार होतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्रत्येक पेशीत हीच चूक, जन्मभर.

'चतुर्थक', म्हणजे एकाहून जास्त साखळ्या एकत्र येण्याची चौथी पातळी, हा या घरात उशिरा आलेला पाहुणा. डॅनिश जीवरसायनशास्त्रज्ञ लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी १९५१ साली व्याख्यानांत पातळ्यांना नावं दिली ती तीनच. चौथं नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल यांनी १९५८ मध्ये जोडलं. ती पातळी प्रत्येक प्रथिनाला नसतेही. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या एकत्र येतात म्हणून त्याला आहे. स्नायूंतलं मायोग्लोबिन एकाच साखळीचं, ते तृतीयकावरच थांबतं.