न्यूझीलंडचा शिकारी गाईड साताऱ्यात येतोय, त्याला रानडुकराच्या शिकारीला नेता येईल का?

नाही नेता येणार. तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या ओळखीतला तिकडचा हंटिंग गाईड दिवाळीच्या आसपास येतोय, इकडं डुकरांचा उच्छाद आहेच, तर त्याच्याच हातनं चार डुकरं पाडली तर शेतकऱ्याचंही भलं आणि पाव्हण्याचीही हौस, मग परवानगी कुठनं काढायची. दादा, ह्यात तुमचं काही चुकीचं नाही, पाटणपासून शिराळ्यापर्यंत डोंगराकडंला ज्यानं ज्यानं भुईमूग केलाय त्याच्या डोक्यात हे एकदा तरी येतंच. पण असाच एक न्यूझीलंडचा गाईड आमच्या घरी राहून गेलाय म्हणून सांगतो, पाव्हण्याला जरूर बोलवा, फक्त बंदुकीसाठी बोलवू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित जनावरांच्या दुसऱ्या यादीत आहे. शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कोयना अभयारण्याच्या किंवा चांदोलीच्या हद्दीत गेलात तर मग किमान तीन वर्षं आणि सातपर्यंत. लोकांना वाटतं गोळी लागली तरच शिकार, तसं नाहीये, हाकारा घालणं, फासकी लावणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच धरतात. गाडी, बंदूक जप्त होते ती सरकारजमा व्हायची तयारी ठेवावी लागते.

कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी मिळू शकते हे खरंय, अर्ज वनक्षेत्रपालांकडं, पण ती परवानगी पीक वाचवायला असते, पाव्हण्याच्या हौसेला नाही. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, म्हणजे मटण वाटायचं नाही, सुळे घेऊन जायचे नाहीत, वन खात्यासमोर विल्हेवाट लावायची. आता तुम्हीच सांगा, ज्याला सुळे भिंतीवर लावायची सवय आहे त्याला ह्यात काय गोडी वाटणार. काही जण म्हणतील बिहार, उत्तराखंडमध्ये २०१६ च्या सुमाराला केंद्रानं रानडुकराला उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळं, जाहीर केलं होतं मग आपल्याकडं का नाही, पण ते ठराविक जिल्ह्यांपुरतं आणि ठराविक मुदतीपुरतं होतं, त्यावर आज इथं कुणाला विसंबता येणार नाही.

पाव्हण्याला हे समजवायला थोडं जड जातं कारण त्याच्याकडचं सगळं उलटं आहे. न्यूझीलंडात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचं मूळचं सस्तन जनावरच नाही, डुकरं बाहेरनं आलेली, अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या जहाजांबरोबर, आणि ती तिथल्या रानाची नासाडी करतात, त्यामुळं तिथं सरकारी रानातलं शिकारीचं परमिट फुकट मिळतं, माणसं कुत्री घेऊन जातात आणि सुऱ्यानं डुक्कर मारतात. आपल्याकडं डुक्कर हे इथलंच. बिबट्या आणि रानकुत्री त्याच्यावर जगतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० ला झाला, ११६५ चौरस किलोमीटरचा, त्यात वाघ टिकवायचा तर त्याला खायला काहीतरी रानात पायजेच. मी आमच्या पाव्हण्याला हे असंच सांगितलं, तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला की असं असेल तर मला डुकरं बघायला तरी ने. जो खरा शिकारी असतो त्याला जनावर कळतं आणि कायदाही कळतो, हे माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे. जो ह्यावर रुसेल त्याला येऊच देऊ नका.

आता बोलवण्याआधीची कामं. रायफल आणू नको हे तिकीट काढायच्या आधी कळवा. सॅटेलाईट फोन आणि ते गार्मिनचं इनरीच नावाचं सॅटेलाईटवरनं मेसेज पाठवणारं छोटं यंत्र तिकडचे गाईड कमरेलाच लावून फिरतात, आपल्याकडं परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यापायी परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे, हे तर पहिलं सांगा. ड्रोनही नको. घरी उतरवणार असाल तर चोवीस तासांच्या आत परदेशी पाव्हण्याची माहिती ऑनलाईन फॉर्मवर भरायची, ह्यालाच आधी सी फॉर्म म्हणायचे, हा नियम फक्त हॉटेलला नाही, घरी ठेवणाऱ्यालाही आहे, आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं, म्हणजे रात्री रानात गोरा माणूस टॉर्च घेऊन दिसला म्हणून कुणी घाबरणार नाही. पर्यटक व्हिसावर त्याला कामाचे पैसे देता येत नाहीत, पाहुणचार करा भरपूर, मजुरी किंवा फी देऊ नका. त्याचे बूट तो घासून पुसून घेईल, परत जाताना तिथल्या विमानतळावर वापरलेले बूट दाखवायला लागतात, मातीचा एक ढेकूळही चालत नाही त्यांना. आफ्रिकन स्वाईन फिव्हर हा डुकरांचा रोग २०२० ला आपल्या ईशान्येत आला तेव्हापासून डुकरांजवळ फिरणाऱ्यानं हे इथंही करायलाच पाहिजे असं आमचा पाव्हणा सांगत होता आणि मला ते पटलं.

आता महत्त्वाचं, त्याला बोलवून शेतकऱ्याचा काय फायदा. आमच्याकडं भात पोटरीला आला की आणि भुईमुगाच्या शेंगा भरल्या की जागल, म्हणजे रात्रीची राखण सुरू होते. म्हातारी माणसं माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर बसून डबा बडवतात, पोरं फटाके लावतात, डुकरं ऐकतात चार दिवस, मग सवय होते त्यांना. आमच्या पाव्हण्यानं पहिल्या रात्री काहीच केलं नाही, नुसता वारा बघितला. डुकराची नजर कमजोर, नाक मात्र जबरदस्त. रात्री गार हवा डोंगरावरनं खाली शेताकडं उतरते आणि आमचा माळा बरोबर डोंगराच्या बाजूला बांधावर, म्हणजे आमचा वास शेतावरनं खालच्या ओढ्याकडं जायचा आणि कळप आम्ही कधी झोपतो ह्याचा अंदाज घेत ओढ्यातच थांबायचा. सकाळी त्यानं सगळा बांध पायी फिरून दाखवला, बघा म्हणाला, कळप दहा ठिकाणांनी येत नाही, ओढ्यातनं एकाच वाटेनं येतो, इथं लोळलेत, इथं झाडाला अंग घासलंय, आणि चिखल बुंध्यावर किती उंच लागलाय त्यावरनं जनावर केवढं ते कळतं. माद्या आणि पिल्लं कळपात, मोठा नर बहुतेक एकटा, आणि पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं बरोबर असली की मादीच्या वाटेत उभं राहायचं नाही, टॉर्च मारून मागं लागायचं तर अजिबात नाही. आमच्याकडं माणसं फाडलीत ती अशीच, अंधारात हुसकवायला गेल्यावर.

आणि मग कुंपण. विजेचं झटका कुंपण ज्या रूपात आज जगभर वापरतात ते न्यूझीलंडात वाढलं, हॅमिल्टनच्या बिल गॅलाघरनी १९३० च्या दशकात ते सुरू केलं, आणि तिकडं शेतावर वाढलेल्या माणसाच्या हाताला ते काम लहानपणापासून असतं. आमचं झटका मशीन चांगलं होतं पण डुकरं तरी आत यायची आणि आम्ही मशीनवाल्याला शिव्या घालत होतो. त्यानं बघितलं आणि सांगितलं की खालची तार फार उंच आहे. डुक्कर नाकानं उकरत येतं, ओलं नाक तारेला लागलं तर ते मागं सरतं, पण तार पाठीच्या राठ केसांना लागली तर झटका बसत नाही किंवा बसलाच तर ते पुढंच मुसंडी मारतं आणि मग तार तोडून आत. म्हणून सगळ्यात खालची तार जमिनीपासून एक वीत, वीस-पंचवीस सेंटीमीटर, दुसरी तिच्यावर तेवढीच. तारेला गवत लागलं की करंट गवतातनं जमिनीत, म्हणून दर आठवड्याला खालनं साफ करायचं, हे आम्ही करत नव्हतो. आणि अर्थिंग. दिवाळीनंतर माती वाळली की झटका मऊ पडतो, अर्थिंगच्या सळया जास्त आणि ओलाव्याच्या जागी ठोकायच्या, सळयांपाशी पाणी ओतायचं. सेकंदाला एक असा ठोका, व्होल्टेज जास्त पण क्षणभरच, त्यानं माणूस मरत नाही.

हे सांगताना कळकळीनं एक सांगतो, लाईनवर आकडा टाकून घरातला करंट सरळ तारेत सोडणारे आपल्याकडं अजून आहेत. त्यानं शेजारचा माणूस मरतो, दुभती म्हैस मरते, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. तसंच गावठी बॉम्ब, कणकेच्या गोळ्यात घालून ठेवतात, डुक्कर चावतं आणि जबडा फाटून कुठंतरी तडफडून मरतं, नाहीतर चरायला गेलेली गाय चावते. फासकीत तर बिबटे अडकतात. पाव्हणा म्हणाला त्यानं आयुष्यात खूप डुकरं मारली पण असं जनावराला रखडवून मारणं त्याला बघवणार नाही, मलाही बघवत नाही.

अजून एक त्याच्याकडनं शिकण्यासारखं. तो ठसा बघून डुक्कर की गुरं हे लगेच सांगायचा, शेजारी काहीतरी ठेवून फोटो काढायचा. नुकसान भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत करायचा असतो आणि पंचनाम्याला माणूस यायच्या आत पाऊस पडला की ठसे गेले, मग हे जनावरानं खाल्लं कशावरून असं विचारतात. पोरांना त्यानं ते फोटो काढायला शिकवलं, आता आमच्या भावकीत ते काम एकाच पोराकडं आहे.

तेव्हा त्याला आजच मेसेज टाका, रायफल नको, इनरीच नको, ड्रोन नको, बूट धुऊन आण, आणि भात कापायच्या आधी ये म्हणजे डुकरं नक्की दिसतील. मुक्काम शेताजवळच्या घरात द्या, पण अभयारण्याच्या हद्दीपासून लांब, माळा तुमच्या स्वतःच्या मालकीच्या रानात असू द्या. आणि झटका मशीन असेल तर त्याच्या येण्याआधी अर्थिंगच्या सळया आणून ठेवा, ठोकायला तो स्वतःच पुढं होईल.