फुलं कोण आणतं?

'आई ७६ वर्षांची. मार्चमध्ये शेजारच्या काकी न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. आई स्वतः कधीच पडलेली नाही, पण तेव्हापासून भिंतीला धरून पाय घासत चालते. मी किंवा बायको सतत तिचा दंड धरतो, "सांभाळ, सांभाळ" म्हणतो. मंगेशीची सोमवारची पालखीही बंद केली. देवाची फुलं तेवढी ती आम्ही उठायच्या आत काढून आणते. तिची भीती कशी घालवू?'
– एक मुलगा, म्हार्दोळ

फुलं! आणि ती एका ओळीत उरकून तुम्ही मोकळे झालात. अहो, जास्वंद काय सोप्यात उगवते? आई पहाटे परसात उतरते, चिऱ्याच्या पायऱ्यांवरून, हातात परडी घेऊन. तेव्हा कुठे असते भिंत? आणि तुमचा हात?

कधीही न पडलेल्या माणसालाही पडायची भीती धरते, शेजारणीचा खुबा त्याला पुरतो. ती भीती खोटी नाही. पण तुम्ही तिला दिवसभर खतपाणी घालताय. चालताना आपण पावलांचा विचार करत नाही, म्हणून तर नीट चालतो. 'सांभाळ' कानावर पडलं की आईचं लक्ष पायांकडे जातं. अंग ताठतं, पावलं आखूड होतात, नजर अंगठ्यावर खिळते. मग पुढचा उंबरठा दिसत नाही आणि न उचललेला पाय नेमका त्यालाच अडतो. त्यात दंड तुम्ही आवळलेला, म्हणजे तोल सावरायला हातही मोकळा नाही! शिवाय फिरणं थांबलं की मांड्यांतलं बळ ओसरतं, आणि मग माणूस खरंच पडतं.

या सोमवारी आईला पालखीला न्या. गाडी रस्त्यालाच थांबवा, फुलांच्या दुकानांपासून पुढे तिला चालू दे. दंड धरायचा नाही. तुमचं कोपर पुढे करा, हवं तर ती धरेल. बोला काय वाटेल ते, जाईचा भाव विचारा, पण 'सांभाळ' म्हणायचं नाही.

उठताना तिला चक्कर येते का, आणि ती कुठल्या गोळीने, हे डॉक्टरांना विचाराच. परसातल्या पायऱ्यांवरचं शेवाळ आजच खराट्याने घासून काढा, तिथे एक दिवा लावा. आणि पहाटे कडी वाजलेली ऐकू आली, तरी अंथरुणातून उठू नका.