पॅराट्रूपर सैनिकांसाठी वेगळी आखूड रायफल बनवायची गरज का पडली? नेहमीची रायफल घेऊन उडी मारता येत नाही का?

येते की. फक्त पॅराशूट धड असायला हवं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, आणि त्यातूनच एफजी-४२ ही माझी आवडती विचित्र रायफल जन्माला आली.

जर्मन पॅराशूट दोन्ही खांद्यांना जोडलेलं नसे. पाठीमागे एकाच ठिकाणी जोड असल्यामुळे सैनिक विहिरीत सूर मारावा तशी डोकं पुढे करून उडी घ्यायचा आणि तोंड जमिनीकडे करून लोंबकळत खाली यायचा. दिशा बदलायची सोय नाही. जमिनीवर येताना हात-गुडघेच आधी आपटायचे, म्हणून गुडघ्यांना जाड पॅड बांधत. अशा माणसाच्या अंगावर जर्मन सैन्याची नेहमीची १११ सेंटिमीटरची माउझर रायफल बांधणार कुठे? बहुतेकांच्या अंगावर पिस्तूल आणि हातबॉम्ब एवढंच असे. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून, वेगळ्या पॅराशूटने खाली सोडत.

मे १९४१ मध्ये जर्मन पॅराट्रूपर ग्रीसच्या क्रीट बेटावर उतरले, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली. पेट्या एकीकडे, माणसं दुसरीकडे. पेटीपर्यंत पोचायच्या आत कित्येक जण मारले गेले. पॅराट्रूपर जर्मन हवाई दलाच्या अखत्यारीत होते. त्या दलाने मग जी मागणी ठेवली, ती वाचताना हसू येतं: लांबी एक मीटरच्या आत, वजन साध्या रायफलीइतकं, काडतूस मात्र पूर्ण ताकदीचं ७.९२ मिमी, आणि गरज पडली तर मशीनगनसारखी धडधडायलाही हवी!

राइनमेटाल या जर्मन शस्त्रकंपनीच्या लुई श्टांगे यांनी ते बरंचसं जमवलंही. पहिल्या नमुन्याची लांबी साधारण ९४ सेंटिमीटर. २० गोळ्यांचं मॅगझिन खाली न लावता डाव्या बाजूला आडवं बसवलं, त्यामुळे यंत्रणा मुठीच्या वरपर्यंत मागे सरकवता आली आणि बंदूक आखूड झाली. मला सर्वांत भावते ती बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या भागाची, युक्ती. एकेक गोळी झाडताना ट्रिगर ओढण्याआधीच बोल्ट बंद असतो, त्यामुळे नेम हलत नाही. सलग मारा करताना मात्र ट्रिगर सोडला की बोल्ट मागेच थांबतो. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं राहतं, हवा खेळते, आणि तापलेल्या चेंबरमध्ये पडून राहिलेली गोळी आपोआप उडण्याचा धोका टळतो.

पण पदार्थविज्ञानाला कोण चकवणार? इतक्या हलक्या बंदुकीतून इतकं दांडगं काडतूस सलग झाडलं की नेम सांभाळणं मुश्कील, आणि मॅगझिन दीड सेकंदाच्या आसपास संपतं.

अमेरिकेलाही हाच धडा मिळाला. त्यांनी १९४४ मध्ये आपल्या नेहमीच्या गॅरंड रायफलची नळी २४ इंचांवरून १८ इंच करून, घडीचा दस्ता लावून एम१ई५ बनवून पाहिली. आवाज आणि तोंडाशी उठणारा जाळ इतका की ती प्रयोगापुरतीच राहिली. त्यांचं अडलं मात्र नाही. त्यांचं पॅराशूट खांद्यांना जोडलेलं होतं, त्यामुळे गॅरंडचे भाग सुटे करून पिशवीत घालायचे आणि पिशवी अंगाला बांधून उडी मारायची. हत्यार सोबतच उतरायचं.

एफजी-४२ च्या सुमारे ७,००० प्रती निघाल्या. पण क्रीटनंतर हिटलरने मोठे हवाई हल्ले जवळजवळ बंदच केले होते, त्यामुळे ती बहुतेक जमिनीवरच लढली. तिची सर्वांत गाजलेली मोहीम म्हणजे सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगरावरून हुकूमशहा मुसोलिनीची सुटका. तिथेही वरून आलेले पॅराट्रूपर छत्रीने उतरले नाहीत, ग्लायडरमधून उतरले.