कमी बजेटमध्ये अधूनमधून गेम खेळायला लॅपटॉप घेताना नेमकं काय बघावं?

आधी ग्राफिक्स कार्ड बघा, प्रोसेसर नंतर. आणि कार्डाचं नुसतं नाव वाचून भुलू नका. आरटीएक्स ३०५० हे नाव एकच, पण लॅपटॉपनुसार त्याला ३५ ते ८० वॉटपर्यंत वीज मिळते. ३५ वॉटवाला तोच गेम बराच रडतखडत चालवतो. हा आकडा खोक्यावर सहसा नसतो, कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' शोधा. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ४ ऐवजी ६ जीबी मिळत असेल तर तोच घ्या, कारण नव्या गेम्समध्ये ४ जीबी भरली की चित्र अडखळायला लागतं.

रॅम १६ जीबी हवी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेकदा ८ ची एकच पट्टी असते. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर काहीच बिघडत नाही, नंतर टाका. ही ८ जीबी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल आणि स्लॉटच नसेल तर मात्र तो लॅपटॉप सोडा. गेम आणि फाइल्स साठवायची एसएसडी ५१२ जीबी.

फक्त व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट एवढंच खेळणार? मग एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधलंच ६८०एम किंवा ७८०एम इनबिल्ट ग्राफिक्स पुरतं. फक्त रॅम दोन चॅनेलमध्येच हवी, नाहीतर वेग चांगलाच पडतो.

खेळताना चार्जर लावूनच ठेवा. बॅटरीवर कार्डाची वीज आपोआप कमी होते.