हप्ता थकण्याआधीच बँकेत जा

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत काम घटलं, पगार अर्ध्यावर आला. घरकर्जाचा 14,000 रुपयांचा हप्ता पुढच्या महिन्यापासून झेपणार नाही. बँकेला काय सांगू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हप्ता चुकण्याआधीच लेखी अर्ज द्या. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए (वसुली अडलेलं, थकीत कर्ज) होतं आणि सवलत मिळणं फार अवघड होतं. फोनवर बोलून भागणार नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच. नुसतं ‘अडचण आहे’ लिहू नका. आधीचा आणि आताचा पगार, घरखर्च आणि दरमहा नक्की भरता येईल तो आकडा लिहा. पगारपत्रकं, 6 महिन्यांचा खातेउतारा जोडा. भिडेपोटी जास्त आकडा कबूल करू नका, तो पुन्हा चुकला तर दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

शक्यतो मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. हप्ते थांबवले तरी व्याज चढतंच. 2020 मध्ये कोरोनाकाळात हप्त्यांना दिलेल्या स्थगितीतही चढलं होतं. पुनर्रचनेची, म्हणजे कर्जाच्या अटी बदलल्याची, नोंद सिबिलमध्ये (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे) कशी होईल, तेही विचारा.

उत्तरच आलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. सवलत द्यायची की नाही, हा निर्णय मात्र बँकेचाच.