अर्ज मागे घेऊ नका

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे. जुलै ते सप्टेंबर २०२३ मध्ये एलयूटीवर, म्हणजे जीएसटी न भरता, न्हावा शेवा बंदरातून जर्मनीला कास्टिंग पाठवली. साठलेल्या इनपुट क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या) रिफंडसाठी ६ जून २०२५ ला अर्ज केला. रक्कम १८ लाख ४० हजार. १९ जूनला पोचपावती आली, नंतर काहीच नाही. आता नोव्हेंबरात कार्यालयातून फोन आला की भंगाराच्या काही बिलांबद्दल शंका आहे, अर्ज मागे घ्या, नव्याने भरा, लगेच करून देतो. इकडे बँकेच्या सी.सी.चं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज चालूच आहे. काय करावं?

उत्तर: मागे घेऊ नका. फोन करणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्याचे ऐकलेत तर सगळ्या रिफंडवर पाणी सोडण्याची वेळ येईल.

माल समुद्रमार्गे गेला असेल तर जहाज भारतातून निघाल्या दिवसापासून दोन वर्षांत रिफंडचा अर्ज करावा लागतो (जीएसटी कायद्याचे कलम ५४). तुमचा जूनचा अर्ज मुदतीत होता. पण त्या तिमाहीतले शेवटचे जहाज सप्टेंबर २०२३ अखेर निघाले असे धरले, तरी त्याचीही दोन वर्षे आता उलटून गेली आहेत. आज अर्ज मागे घेतलात की जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिट खात्यात (लेजरमध्ये) क्रेडिट परत दिसेल आणि तुम्हाला बरे वाटेल. नवा अर्ज मात्र मुदतबाह्य ठरेल. कार्यालयाने अर्जातल्या उणिवा दाखवणारे त्रुटीपत्र (नमुना आरएफडी-०३) काढले असते तर मूळ अर्जापासून त्रुटीपत्रापर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले गेले असते. नियम ९०(३) मध्ये २०२१ पासून ही सोय आहे. स्वतःहून मागे घेतलेल्या अर्जाला ती लागू नाही. फोनवर हे कुणी सांगत नाही.

मग ते आता त्रुटीपत्र काढतील का? काढता येणार नाही. ते पंधरा दिवसांत काढायचे असते आणि एकदा पोचपावती दिली की कोणत्याही कारणावरून काढता येत नाही, असे केंद्राच्या १८ नोव्हेंबर २०१९ च्या परिपत्रकात (क्रमांक १२५) स्पष्ट लिहिले आहे. जियान इंटरनॅशनल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये पंधरा दिवस उलटल्यावर त्रुटी काढू दिल्या नाहीत आणि व्याजासह रिफंड द्यायला लावला. म्हणूनच ‘तुम्हीच मागे घ्या’ ही तोंडी वाट निघते.

अधिकाऱ्याला शंका असू शकते, आणि भंगाराच्या बाबतीत ती उगाच नसते. बोगस बिलांचे प्रकार या धंद्यात किती झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. पण शंकेलाही रीत आहे. आरएफडी-०८ नमुन्यात कारणे दाखवा नोटीस काढायची, तुम्ही पंधरा दिवसांत आरएफडी-०९ मध्ये उत्तर द्यायचे, तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय अर्ज फेटाळायचा नाही. नोटिशीची वाट न पाहता त्या पुरवठादारांची बिले, वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचे ई-वे बिल आणि बँकेतून दिलेले पैसे एका फाइलीत लावून ठेवा. ती बिले तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या विवरणात) दिसतात का तेही सीएंकडून तपासा. दिसत नसतील तर तेवढी रक्कम जाणार, त्यावर भांडू नका. त्या काळात नवी भट्टी किंवा मशिन घेतले असेल तर त्याचे क्रेडिट एलयूटीच्या रिफंडमध्ये धरता येत नाही. ते चुकून धरले असेल तर आत्ताच कबूल करा.

आता कार्यालयाला एक पत्र द्या. ईमेलनेही पाठवा आणि हातोहात देऊन प्रतीवर पोच घ्या. अमुक तारखेला फोन आला, अर्ज मागे घेण्यास सांगितले, आम्ही मागे घेत नाही, हे साध्या भाषेत लिहा. वादातली बिले कोणती ते विचारा आणि ती वगळून उरलेली रक्कम लगेच मंजूर करण्याची मागणी करा. अडलेला पैसा बहुतेक वेळा याच वाटेने सुटतो. पोचपावतीनंतर सात दिवसांत ९० टक्के हंगामी रिफंड, म्हणजे १६ लाख ५६ हजार, मिळायला हवा होता. त्यावर आता वेळ घालवू नका, अंतिम आदेशच मागा.

व्याजही त्याच पत्रात मागा. रिफंड द्यायचे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजतात, ते ५ ऑगस्टला संपले. ६ ऑगस्टपासून कलम ५६ प्रमाणे वर्षाला ६ टक्के, म्हणजे पूर्ण रकमेवर दिवसाला सुमारे ३०२ रुपये. सी.सी.चे व्याज यातून भरून निघणार नाही, पण फाइलवर दर दिवसाची किंमत लिहिली गेली की फाइल हलते. मंजुरीचा आदेश उशिरा निघाला म्हणून व्याजाची सुरुवात पुढे सरकत नाही. जुन्या अबकारी कायद्याखाली रॅनबॅक्सी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच ठरवले आणि तो युक्तिवाद इथेही चालतो.

तीन-चार आठवड्यांत उत्तर नाही आले तर? अपील करता येत नाही, कारण अपिलाला आदेश लागतो आणि इथे आदेशच नाही. उरते उच्च न्यायालयातली रिट याचिका. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते आहे, तेव्हा तो खर्च आणि हेलपाटा वाचला. मात्र न्यायालय पहिल्याच तारखेला पैसे देववेल असे समजू नका. ‘इतक्या आठवड्यांत अर्जावर निर्णय घ्या’ एवढाच आदेश बहुधा मिळतो. तुमच्यासाठी तेवढा पुरेसा आहे. याचिकेला वरचे पत्र आणि त्याची पोच जोडावी लागेल, ती जपून ठेवा.

आदेश आला की तो शेवटपर्यंत वाचा. मूळ रक्कम मंजूर करून व्याजाबद्दल मौन बाळगणारे आदेश सर्रास निघतात. तसे झाले किंवा काही रक्कम कापली, तर आदेश हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कलम १०७ खाली अपील करा.